सोव्हिएत युद्धपदकं: क्रमांकापासून माणसापर्यंत

सोव्हिएत संघाच्या ‘लाल तारा’ ऑर्डरच्या मागच्या बाजूला, मळसूत्राच्या खाली, हाताने कोरलेला एक क्रमांक असतो. तो क्रमांक कुणाला दिला याची नोंद मॉस्कोजवळच्या पोदोल्स्क शहरात, रशियाच्या संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय अभिलेखागारात ठेवलेली आहे. त्या माणसाने कुठे, कोणत्या दिवशी काय केलं, हे त्याच्या कमांडरने लिहिलेलं शिफारसपत्रही बहुतेक वेळा तिथेच असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आयर्न क्रॉसवर मिळवणाऱ्याचं नावही नसतं आणि क्रमांकही नसतो. सोव्हिएत पदकाचं तसं नाही. ते आपल्या माणसापर्यंत परत जाऊ शकतं, आणि ती वाट शाबूत ठेवणं हेच संग्राहकाचं खरं काम आहे असं मी मानतो. पुढचं सगळं त्याच दृष्टीने लिहिलं आहे.

आधी ओळख: कोणतं पदक काय सांगतं

सोव्हिएत सन्मानांचे दोन वर्ग आहेत. ऑर्डर वरचा, पदक त्याखालचं. १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा हातात मोजकेच सन्मान होते: लेनिन ऑर्डर, लाल ध्वज, लाल तारा, आणि १७ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झालेली दोन पदकं. त्यांतलं एक ‘झा अत्वागू’, म्हणजे शौर्यासाठी, आणि दुसरं ‘झा बायेवीये झास्लुगी’, म्हणजे युद्धसेवेसाठी. बाकीचे युद्ध चालू असताना आले. २० मे १९४२ रोजी देशभक्तिपर युद्ध (जर्मनीविरुद्धच्या युद्धाचं सोव्हिएत नाव) ऑर्डर दोन श्रेणींत आली. २९ जुलै १९४२ रोजी सुवोरोव, कुतुझोव आणि अलेक्झांडर नेव्स्की या सेनाधिकाऱ्यांसाठीच्या ऑर्डर्स आल्या. ८ नोव्हेंबर १९४३ रोजी ‘स्लावा’, म्हणजे ग्लोरी ऑर्डर तीन श्रेणींत आली, आणि मार्च १९४४ मध्ये नौदलासाठी उशाकोव आणि नाखिमोव.

नव्या संग्राहकाने सुरुवात चार गोष्टींपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे: शौर्यपदक, युद्धसेवापदक, लाल तारा आणि तिसऱ्या श्रेणीची ग्लोरी. या चौघांच्याही युद्धकाळातल्या प्रतींवर क्रमांक असतात, त्या मोठ्या संख्येने दिल्या गेल्यामुळे बाजारात मिळतात, आणि त्यांच्यामागे साधी माणसं उभी असतात: पायदळातला शिपाई, टेलिफोनची तार ओढणारा, परिचारिका, ट्रकचालक. सुवोरोव किंवा ‘सोव्हिएत संघाचा हीरो’ या किताबाचा सुवर्णतारा यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्यांच्या बनावट प्रती खूप आहेत आणि त्या ओळखायला वर्षांचा सराव लागतो.

चौघांतलं शौर्यपदक मला सर्वांत प्रिय आहे. चांदीचं, ३७ मिलिमीटर व्यासाचं. वर तीन विमानं, खाली रणगाडा, मध्ये लाल मीनाकामात अक्षरं. युद्धात ४० लाखांहून अधिक वेळा ते दिलं गेलं, तरी सैनिकांमध्ये त्याचा मान कायम राहिला, कारण ते प्रत्यक्ष लढाईतल्या धाडसासाठीच मिळे. ग्लोरीही तशीच. ती फक्त शिपाई आणि सार्जंट यांना, तसंच वायुदलातल्या कनिष्ठ लेफ्टनंटांना मिळे, आणि तिसऱ्या श्रेणीपासून क्रमानेच वर चढावं लागे.

मोहीमपदकं हा वेगळा गट. लेनिनग्राद, ओदेसा, सेवास्तोपोल आणि स्तालिनग्राद यांच्या संरक्षणाची पदकं २२ डिसेंबर १९४२ रोजी एकदम सुरू झाली. मॉस्को आणि काकेशसची १९४४ मध्ये, बर्लिन, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग वगैरेंची जून १९४५ मध्ये. ‘जर्मनीवरील विजय’ हे पितळी पदक तर सुमारे दीड कोटी लोकांना मिळालं. यांच्यावर क्रमांक नाही. म्हणून सोबतच्या कागदाशिवाय या पदकातून माणूस सापडत नाही, आणि कागद नसलेल्या मोहीमपदकासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

युद्धकाळातलं की नंतरचं?

सर्वाधिक फसगत इथे होते, आणि ती बनावट मालामुळे होत नाही. पदक अस्सल असतं, फक्त युद्धातलं नसतं.

पहिलं कारण १९८५. विजयाच्या ४० व्या वर्षी हयात असलेल्या माजी सैनिकांना देशभक्तिपर युद्ध ऑर्डर सरसकट दिली गेली. ११ मार्च १९८५ चा तो हुकूम. या प्रती लाखोंच्या संख्येने आहेत आणि एकसंध पत्र्यातून छापलेल्या आहेत. युद्धकाळातली ऑर्डर वेगवेगळे भाग जोडून केलेली असते, आणि पहिल्या श्रेणीत खरं सोनं असतं. १९८५ च्या पहिल्या श्रेणीवर चांदीवर सोन्याचा मुलामा आहे. विक्रेते दोन्हींवर ‘दुसरं महायुद्ध’ असंच लिहितात. मागची बाजू पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

दुसरं कारण कमी माहितीतलं आहे. ४ जून १९४४ च्या हुकमाने दीर्घ सेवेसाठीही हेच सन्मान द्यायला सुरुवात झाली: १० वर्षांच्या सेवेला युद्धसेवापदक, १५ ला लाल तारा, २० ला लाल ध्वज, २५ ला लेनिन ऑर्डर. ही पद्धत १९५७ पर्यंत चालली. म्हणजे एखाद्या मेजरच्या छातीवरचा लाल ध्वज रणांगणावरचा असू शकतो किंवा नोकरीची २० वर्षं भरल्याचाही. धातू तोच, घडण तीच. फरक फक्त कागदात आणि तारखेत. त्यामुळे १९४४ च्या शेवटापासून पुढच्या तारखेच्या प्रत्येक लाल ताऱ्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरं म्हणजे क्रमांकाचा आवाका. युद्धापूर्वी लाल तारा सुमारे २१,५०० वेळा दिला गेला होता, युद्धात २० लाखांहून अधिक वेळा, आणि १९९१ पर्यंतची एकूण संख्या ३८ लाखांवर गेली. ३७ लाखांच्या घरातला क्रमांक कुणी ‘स्तालिनग्रादचा’ म्हणून विकत असेल तर तिथून उठावं.

चौथं म्हणजे लटकन, पदक ज्याला टांगलेलं असतं तो भाग पाहा. १९ जून १९४३ च्या हुकमाने पदकांसाठी पंचकोनी पट्टी आणि तिच्यावर ताणलेली फीत आली. त्याआधी शौर्यपदक आणि युद्धसेवापदक लाल फितीच्या छोट्या आयताकृती पट्टीवर, मळसूत्राने लावलं जाई. नंतर फीत राखाडी झाली: शौर्यपदकाला दोन्ही कडांना निळा पट्टा, युद्धसेवेला पिवळा. मात्र जुन्या पदकावर नवी पट्टी दिसली म्हणून ते खोटं ठरत नाही. अनेक सैनिकांनी स्वतःच पट्ट्या बदलून घेतल्या.

हातात घेऊन तपासणं

दहापट मोठं करणारं भिंग, कॅलिपर आणि अचूक वजनकाटा, एवढी हत्यारं पुरतात. काटा नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे वजन करून घ्या. लाल ताऱ्याचं वजन साधारण ३३ ग्रॅम भरतं.

साच्यात ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून ती मुळापेक्षा किंचित लहान निघते. तिच्यावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, आणि मधल्या सैनिकाचा चेहरा, बंदूक, ओव्हरकोटची घडी यांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. टांकसाळीत ठशाने छापलेल्या वस्तूत त्या कडा तीक्ष्ण असतात. लाल ताऱ्याचा मधला भाग रिवेटने जोडलेला असतो. रिवेटची डोकी मागे दिसली पाहिजेत आणि ती कुणी छेडलेली नसावीत.

क्रमांकाकडे सर्वाधिक वेळ द्या. हाताने कोरलेल्या अंकात छिन्नीच्या वेगाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते आणि तळाशी चकाकीची बारीक नागमोड दिसते. क्रमांकाभोवतीचा धातू आजूबाजूपेक्षा खोलगट, गुळगुळीत किंवा वेगळ्या रंगाचा असेल तर जुना क्रमांक घासून नवा घातला असण्याची दाट शक्यता आहे. हे उद्योग मुद्दाम होतात: कुठून तरी चांगली पदकपुस्तिका (पदकासोबतची नोंदींची छोटी पुस्तिका) हाती येते, पदक हरवलेलं असतं, मग दुसऱ्याच पदकावर तो क्रमांक चढवला जातो. क्रमांकाशेजारी रशियन ‘द’ अक्षर असेल तर मात्र घाबरू नका. हरवलेल्या पदकाऐवजी सरकारने अधिकृतपणे दिलेली ती दुसरी प्रत असते.

मळसूत्रावरची चकती सुटी असल्यामुळे ती बदललेली असू शकते. ती घट्ट पिळू नका. मागून जोर आला की पुढचं मीनाकाम तडकतं.

कागद धातूइतकाच मोलाचा

पदकासोबत मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेत नाव, पदकाचं नाव, त्याचा क्रमांक आणि ते कोणत्या तारखेच्या हुकमाने मिळालं हे लिहिलेलं असतं. युद्धाच्या धामधुमीत आधी साधं तात्पुरतं प्रमाणपत्र दिलं जाई, पुस्तिका नंतर यायची. पुस्तिका तपासताना शाई, शिक्का आणि क्रमांकाभोवतीची खाडाखोड भिंगाखाली पाहा. १९४७ अखेरपर्यंत या सन्मानांवर मासिक भत्ता मिळत असे, लाल ताऱ्याला १५ रूबल, शौर्यपदकाला १०, आणि त्यासाठी कापून द्यायच्या कुपनांची पानं असत. अर्धवट कापलेल्या कुपनांचं असं पान कुणी बनवायला जात नाही, म्हणून ते सापडलं तर जपून ठेवा.

आणि एक विनंती. एकाच माणसाची तीन-चार पदकं आणि कागद एकत्र मिळाले तर तो संच कधीही फोडू नका, फोडणाऱ्याला विकू नका. व्यापाऱ्याला सुटे विकण्यात जास्त पैसे मिळतात, त्यामुळे असे संच रोज मोडले जात आहेत. एकदा मोडलेला संच पुन्हा जुळणं जवळपास अशक्य. दहा सुटी पदकं घेण्यापेक्षा एक पूर्ण संच घ्यावा, हे मी प्रत्येक नव्या संग्राहकाला सांगतो.

नाव आहे: शोध असा घ्या

नाव हाती असेल तर बरंच काम घरबसल्या आणि विनामूल्य होतं. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाची तीन संकेतस्थळं आहेत. ‘ओबेदे मेमोरियल’ २००७ पासून, मृत आणि बेपत्ता सैनिकांसाठी. ‘पोद्विग नारोदा’ २०१० पासून, सन्मानांच्या कागदांसाठी. आणि ‘पाम्यात नारोदा’ २०१५ पासून, ज्यात आधीचं बरंच काही एकत्र केलेलं आहे आणि शिवाय तुकड्यांच्या युद्धनोंदी आहेत.

शोध सिरिलिक लिपीतच घ्यावा लागतो. छापील सिरिलिक आठवडाभरात येते. हस्ताक्षर अवघड जातं, कारण त्यात ‘त’ हा इंग्रजी एमसारखा, ‘द’ हा जीसारखा आणि ‘इ’ हा यूसारखा दिसतो. एका कागदावर हस्ताक्षराची वर्णमाला लिहून संगणकाशेजारी चिकटवा. पुढे जायचं असेल तर मुंबई विद्यापीठात आणि पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन शिकवतात. शिफारसपत्र स्वतः वाचता येण्यासारखं सुख नाही.

आडनाव, नाव, पितृनाम आणि जन्मवर्ष, चारही भरा. पितृनाम सोडलं तर इवान इवानोव शेकड्यांनी समोर येतात. काहीच मिळालं नाही तर जन्मवर्ष काढून पाहा, कारण कारकुनांनी वर्ष आणि आडनावाची अक्षरं हवी तशी लिहिली आहेत. युक्रेनियन, उझबेक, कझाख, तातार नावांच्या बाबतीत हे फार घडतं. एकच माणूस तीन कागदांत तीन तऱ्हेने भेटतो.

जुळणी पक्की कशी करायची? भरतीचं कार्यालय आणि जन्मठिकाण, तुकडी, आणि हुकमाची तारीख. पुस्तिकेतली तारीख आणि संकेतस्थळावरच्या हुकमाची तारीख जुळली, शिवाय तुकडीही जुळली, तरच तो तुमचा माणूस. फक्त नाव जुळलं म्हणून निष्कर्ष काढू नका. सापडलेल्या प्रत्येक कागदाचा फोंड (अभिलेखागारातला संग्रह), ओपिस (त्या संग्रहाची यादी) आणि फाइल क्रमांक लिहून ठेवा. सन्मानांचे कागद बहुधा फोंड ३३ मध्ये असतात, आणि हा पत्ता नसेल तर पुढच्या माणसाला तुमचं काम तपासता येत नाही.

शिफारसपत्र वाचताना

या सगळ्या खटाटोपाचं फळ हे एक-दोन पानांचं पत्र. वरच्या भागात पद, तुकडी, जन्मवर्ष, राष्ट्रीयत्व, पक्षसदस्यत्व, आधीच्या लढाया, जखमा, सैन्यात केव्हापासून, कोणत्या कार्यालयाने भरती केलं, आधीचे सन्मान, घरचा पत्ता. खाली ‘वैयक्तिक पराक्रमाचा थोडक्यात, नेमका वृत्तांत’ अशा मथळ्याखाली कमांडरचा मजकूर. एखाद्या संदेशवाहकाने गोळीबारात तुटलेली तार कितीदा जोडली, एखाद्या परिचारिकेने किती जखमींना त्यांच्या शस्त्रांसह ओढून आणलं, हे आकड्यांनिशी लिहिलेलं असतं.

घाईने वाचू नका. तीन गोष्टी विशेष बघा. पहिली, कोणत्या सन्मानाची शिफारस होती आणि प्रत्यक्षात कोणता मिळाला. मजकुराखाली वरच्या अधिकाऱ्यांचे शेरे एकाखाली एक असतात, आणि लाल ध्वजासाठी निघालेली शिफारस लाल ताऱ्यावर उतरलेली अनेकदा दिसते. दुसरी, पराक्रमाची तारीख आणि हुकमाची तारीख यांतलं अंतर. सुरुवातीच्या काळात ते मोठं होतं. १० नोव्हेंबर १९४२ पासून पदकं देण्याचा अधिकार रेजिमेंट कमांडरपर्यंत आणि लाल ताऱ्याचा डिव्हिजन कमांडरपर्यंत खाली आला. मग काही दिवसांतच सन्मान हातात पडू लागला. तिसरी, कमांडरची भाषा. मारलेल्या शत्रूंचे आकडे तो सढळ हाताने लिहितो, कारण त्याला शिफारस मंजूर करून घ्यायची आहे. आकडा जसाच्या तसा खरा मानू नका, पण ठिकाण, दिवस आणि कृती यांवर बराच विश्वास ठेवता येतो.

रेजिमेंटच्या हुकमाने मिळालेल्या शौर्यपदकाला सहसा स्वतंत्र शिफारसपत्र नसतं. हुकमातच प्रत्येक नावापुढे दोन-चार ओळी असतात. त्यावर निराश न होता पुढची पायरी घ्या.

तुकडीच्या युद्धनोंदी

‘पाम्यात नारोदा’वर रेजिमेंट, डिव्हिजन, कोअर यांच्या दैनंदिन युद्धनोंदी आणि नकाशे स्कॅन करून ठेवलेले आहेत. हुकमात दिलेला दिवस घ्या, त्या डिव्हिजनची त्या दिवसाची नोंद उघडा. दोन ओळींचा उल्लेख एकदम मोठा होतो: कोणती टेकडी, कोणती नदी, किती तोफा, समोर कोणती जर्मन तुकडी, हवा कशी होती. मग तीच जागा आजच्या नकाशावर शोधा. हे काम वेळखाऊ आहे आणि मला या छंदात सर्वाधिक समाधान तिथेच मिळतं.

माणूस नंतर मारला गेला का हे ‘मेमोरियल’वर पाहायला विसरू नका. देशभक्तिपर युद्ध ऑर्डर ही मृत्यूनंतर कुटुंबाकडे ठेवता येणारी पहिली सोव्हिएत ऑर्डर होती. बाकीच्या ऑर्डर्स १९७७ पर्यंत सरकारजमा कराव्या लागत. त्यामुळे शहीद सैनिकाचा लाल तारा बाजारात दिसला तर तो इथवर कसा आला हा प्रश्न रास्त आहे.

नाव नाही, फक्त क्रमांक

खुल्या संकेतस्थळांवर पदकाच्या क्रमांकाने शोध घेता येत नाही. क्रमांकावरून नावाकडे नेणारी नोंदपत्रं पोदोल्स्कच्या संग्रहात आहेत आणि तिथपर्यंत बहुधा एखाद्या जाणकार संशोधकामार्फतच पोहोचता येतं. पैसे देण्यापूर्वी विचारा: नोंदपत्राची प्रत मिळेल का, शिफारसपत्र मिळेल का, अभिलेखागाराचा पत्ता प्रतीवर असेल का, आणि काही सापडलं नाही तर किती पैसे परत? नोंदपत्राची प्रत आली की त्यावर तुमच्याच पदकाचा क्रमांक लिहिलेला आहे हे स्वतः पाहा. त्यावर त्या माणसाचे इतर सन्मानही क्रमांकांसह असतात, म्हणजे संचातलं दुसरं काही जगात कुठे दिसलं तर ओळखता येईल.

भारताशी जोडलेला एक धागा

ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने इराणमध्ये सैन्य उतरवल्यावर तिथून उत्तरेकडे रसद जाऊ लागली, आणि त्या कामात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे भारतीय जवान होते. याच कोअरचे सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह चंद यांना सोव्हिएत सरकारने लाल तारा दिला. परदेशी सैनिकांना मिळालेल्या सोव्हिएत सन्मानांचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो: आपल्या बाजूचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात पाहावे लागतात. इराणच्या रसदमार्गावर आजोबा-पणजोबांनी गाडी चालवली असेल अशा घरांमध्ये जुनी पत्रं, सेवापुस्तिका, फोटो असतील तर ते आधी स्कॅन करून घ्या.

कायदा आणि सांभाळ

रशियात सोव्हिएत राज्यसन्मानांची खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा आहे, कलम ३२४ खाली. तिथे फिरायला गेल्यावर बाजारात कुणी पदक पुढे केलं तर घेऊ नका, सामानात घालून आणू तर मुळीच नका. अमेरिका, ब्रिटन, जर्मनीतल्या नावाजलेल्या विक्रेत्यांकडून पावतीसह घ्या आणि भारतीय कस्टम्सला खरं वर्णन द्या. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे कागदही येतात. त्यामुळे युद्धकाळातली पुस्तिका पुढे देशाबाहेर पाठवायची वेळ आली तर आधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा.

चांदीची भांडी आपण रांगोळीने किंवा दंतमंजनाने लख्ख करतो; पदकाला ते कधी करू नका. काळपट थर हा वयाचा पुरावा आहे, आणि घासण्याने कोरलेला क्रमांकही झिजतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ते महिन्यातून एकदा बदला. मऊ पीव्हीसीचे अल्बम आणि रबर बँड धातूवर डाग पाडतात. फीत उन्हापासून लांब ठेवा. कागद आम्लरहित पाकिटात, पदकापासून वेगळे पण त्याच डब्यात असू द्या. प्रत्येक पदकामागे एक फाइल करा: दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, कुठून आणि केव्हा घेतलं, शिफारसपत्राची प्रत, त्याचं मराठी भाषांतर आणि युद्धनोंदीतलं पान. डब्याच्या झाकणाआत त्या सैनिकाचं पूर्ण नाव मराठीत आणि रशियनमध्ये लिहून ठेवा. तुमच्यानंतर ज्याच्या हाती हे पडेल, त्याला ते मोडीत घालायची चांदी वाटता कामा नये. सैनिकाच्या कुटुंबातलं कुणी शोधत आलं तर निदान कागदांच्या प्रती त्यांना विनामूल्य द्या.